पेटी एक घ्यावी की दोन?

बेळगावहून सून म्हणून ग्वाल्हेरला आले, त्याला आता बावीस वर्षं झाली. माहेरी गेले की ओळखीतल्या आया एक प्रश्न हमखास विचारतात. "मुलगी गाणं शिकतेय. तंबोरा आणि तबला एकत्र असलेलं यंत्र घेऊ, की दोन वेगळी?" ग्वाल्हेरला राहते म्हणजे हिला गाण्यातलं सगळं कळतं, असा त्यांचा गोड समज! मी काही गायिका नाही. पण माझ्या दोन्ही मुली इथे गाणं शिकल्या आणि आमच्या घरात दोन्ही तऱ्हेची यंत्रं नांदून गेली. म्हणून अनुभवाचे हे चार शब्द.

खरं तर ग्वाल्हेर आणि आपला मुलूख यांचं गाण्याचं नातं जुनं आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी आपल्याकडे आणली आणि मिरजेत विष्णु दिगंबर पलुस्करांना शिकवली. तंबोरे तर मिरजेचेच! २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. इकडे ग्वाल्हेरला युनेस्कोने २०२३ मध्ये 'संगीत नगरी' म्हणून निवडलं.

पण रोजच्या रियाजाला अस्सल तंबोरा सांभाळणं प्रत्येक घराला जमत नाही. तो जुळवायला कान तयार लागतो, ठेवायला जागा लागते, जवारी काढायला जाणकार लागतो. ही अडचण बंगळुरूचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी ओळखली आणि इलेक्ट्रॉनिक तंबोरा घडवला. पुढे तबल्याचे ठेके वाजवणारी पेटी आली आणि मग दोन्ही एकाच डब्यात बसले.

एकत्र यंत्राचे फायदे उघड आहेत. वायर एक, पिशवी एक, आणि दोन पेट्यांपेक्षा बहुधा खर्चही कमी. मुलीला बसने क्लासला जायचं असेल, तर हे सोयीचंच. मग मी दोन वेगळी घ्या असं का सांगते?

पहिली गोष्ट म्हणजे, सुरुवातीला तबला फारसा लागतच नाही. सकाळी खर्ज लावायचा, आकार घोटायचा, पलटे म्हणायचे. त्याला तंबोरा पुरतो. आधी फक्त तंबोरा घ्यावा आणि बंदिशी सुरू झाल्या की तबल्याचं बघावं. खर्चही दोन हप्त्यांत विभागतो.

दुसरी गोष्ट आवाजाची. तंबोरा कसा, गाणाऱ्याच्या पाठीशी हवा; तबला समोरून ऐकू यायला हवा. दोन पेट्या असल्या की एक मागे ठेवता येते, एक पुढे. एकाच लहान स्पीकरमधून दोन्ही आले की ठेका वरचढ होतो आणि सूर बिचारा खाली दबतो. मग मुलगी मात्रा मोजत बसते आणि सुराकडे दुर्लक्ष होतं.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. आमच्या एकत्र पेटीतला तबला एक दिवस अडखळू लागला. दुकानदाराने पेटी ठेवून घेतली ती तीन आठवडे! तंबोरा ठणठणीत होता, पण तोही तबल्याबरोबर दुकानात जाऊन बसला. धाकटीची परीक्षा महिन्यावर आलेली. शेवटी सासूबाईंनी माळ्यावरचा जुना मिरजेचा तंबोरा उतरवला, शेजारच्या काकांनी तो जुळवून दिला आणि पोरीचा रियाज सुरू राहिला. तेव्हापासून आमच्याकडे दोन पेट्या आहेत.

आता कुणी म्हणेल, मोबाईलमध्ये दोन्ही मिळतं की! मिळतं, आणि प्रवासात उपयोगीही पडतं. पण आलाप रंगात आला असताना फोन वाजला की समाधी मोडते. शिवाय तरुण मुलीच्या हातात फोन आणि समोर रियाज, यात कोण जिंकतं ते आयांना सांगायला नको!

यंत्र एकत्र घ्या किंवा वेगळं, दुकानात चार गोष्टी बघाव्यात. तंबोऱ्याची पहिली तार पंचम, मध्यम आणि निषाद अशी तिन्हींवर लावता येते का? स्वर बारीक जुळवता येतो का? ठेक्यांत तीनताल, झपताल, एकताल तर असतातच. पण सोळा मात्रांचा तिलवाडा आणि चौदा मात्रांचा झुमरा आहे का? ग्वाल्हेरच्या विलंबित ख्यालाला तिलवाडा लागतोच. आणि एकत्रच घ्यायचं असेल, तर तंबोरा नि तबला यांचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता आला पाहिजे. वीज गेल्यावर बॅटरीवर चालतं का, हेही विचारावं.

आणि हो, मुलीला सोबत न्या. निदान दहा मिनिटं तिला डोळे मिटून त्या तंबोऱ्याबरोबर 'सा' लावू द्या. तिचा आवाज त्यात सहज मिसळला, तर पेटी बांधून घ्या. नाही मिसळला, तर सवलत कितीही असो, पुढच्या दुकानात जा.