लुटीच्या चित्रात नसलेला माणूस

जुन्या इंग्रजी ग्रंथांतून सुटी झालेली कोरीव चित्रांची पाने चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावण्याची हौस आजही टिकून आहे. किल्ले, घाट, मिरवणुका यांच्या जोडीला त्यांत युद्धाचे प्रसंगही असतात. त्यांतील एक चित्र १८५७ च्या उठावाचे आहे. बंड करून उठलेले हिंदी शिपाई लुटीची वाटणी करीत आहेत, असा त्याचा विषय. ते इंग्रज वाचकांसाठी तयार झाले होते. त्यामुळे लुटारू कोण, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात येण्यापूर्वीच त्याचे उत्तर चित्राने देऊन ठेवले आहे.

परंतु त्याच युद्धाची दुसरी बाजू या चौकटीत मावलेली नाही. सप्टेंबर १८५७ मध्ये दिल्ली इंग्रजांच्या हाती आली. नागरिकांना शहराबाहेर काढण्यात आले, घरांच्या भिंती व जमिनी खणून ऐवज शोधण्यात आला. जिंकलेल्या मालाची मोजदाद करून तो विकण्यासाठी सैन्याचे खास अधिकारी नेमलेले होते. मार्च १८५८ मध्ये लखनौचा कैसरबाग पडला, तेव्हा तर मोजदादीचीही वाट कोणी पाहिली नाही. ‘लूट’ हा आपल्याकडचा शब्द इंग्रजी भाषेने आपलासा केला, तो उगाच नव्हे.

लखनौच्या त्या लुटीच्या वेळी ‘द टाइम्स’चे वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल तेथे हजर होते. त्यांनी लिहून ठेवलेला एक प्रसंग व्यापारी माणसाने विसरू नये असा आहे. एका गोऱ्या शिपायाने रत्नजडित ऐवज अवघ्या शंभर रुपयांना देऊ केला. मात्र त्याला रोकड तेथल्या तेथे हवी होती आणि रसेल यांच्या खिशात तेवढी रक्कम नव्हती. सौदा फिसकटला. पुढे तोच ऐवज हजारो पौंडांना विकला गेल्याचे त्यांच्या कानी आले. येथे सौदा मोडला तो कोणत्या नियमाने नव्हे, रिकाम्या खिशाने.

लुटीला नेहमी तलवार लागते असेही नाही. कन्हानच्या रहिवाशांना याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. नदीच्या पलीकडे कामठी आहे. तेथे इंग्रजांनी १८२१ मध्ये छावणी वसवली आणि नागपूरच्या गादीवर तिची छाया कायमची पडली. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले निधन पावले. औरस पुत्र नसल्याचे कारण देऊन लॉर्ड डलहौसी यांनी १८५४ मध्ये राज्य खालसा केले. नंतर राजवाड्यातील चीजवस्तू लिलावात निघाली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर विकले गेले. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात पाठवण्यात आले. सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन, असे ऐंशी वर्षांच्या बांकाबाईसाहेबांनी बजावले होते. तरीही सामान हलले. इंग्रज इतिहासकार जॉन के यांनीही या विक्रीविषयी खेदच व्यक्त केला आहे. येथे बंदूक झाडली गेली नाही. हातोडा आपटला आणि बोली पुकारली गेली.

दिल्ली, लखनौ आणि नागपूर या तिन्ही ठिकाणी एक माणूस समान आहे. तो म्हणजे खरेदीदार. लुटीच्या चित्रात शिपाई असतो, विखुरलेला ऐवज असतो, क्वचित रडणारी स्त्रीही असते. स्वस्तात माल घेऊन शांतपणे घरी जाणारा गिऱ्हाईक मात्र नसतो. वास्तविक तो नसेल तर शिपायाच्या हातातील हार हा निव्वळ भार ठरेल. लुटीला किंमत येते ती घेणाऱ्यामुळे.

चित्रकाराच्या दृष्टीतून सुटलेला हा माणूस आपल्या आचार्यांच्या दृष्टीतून सुटलेला नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरीस प्रवृत्त करणे, चोरून आणलेला माल घेणे, विरुद्धराज्यातिक्रम, खोटी मापे आणि भेसळ, असे ते पाच दोष. घर फोडणाऱ्यापेक्षा दुकानात बसणाऱ्यालाच ते अधिक लागू पडतात. त्यांपैकी ‘विरुद्धराज्यातिक्रम’ या शब्दाचा आचार्य पूज्यपादांनी ‘सर्वार्थसिद्धी’त केलेला उलगडा विशेष मननीय आहे. राज्याची घडी विस्कटते तेव्हा मौल्यवान वस्तू अल्प मोलात मिळू लागतात. त्या तशा मिळवण्याची खटपट करणे हाच तो दोष. कैसरबागेच्या कित्येक शतके आधी कैसरबागेतील गिऱ्हाइकाचे वर्णन होऊन गेले होते.

हा विचार केवळ इतिहासापुरता नाही. दंगलीनंतर बाजारात फिरणारा बिनपावतीचा माल, अडचणीतल्या माणसाच्या नावाखाली गल्ल्यावर येणारा दागिना, देवळातून नाहीशी होऊन पुरावस्तूंच्या बाजारात प्रकटणारी प्राचीन जिनमूर्ती, या साऱ्यांना खरेदीदार मिळतो म्हणूनच तो व्यापार चालतो. आजचा कायदाही हे ओळखतो. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून, किंवा तसे मानण्यास सबळ कारण असून, तो अप्रामाणिकपणे घेणारा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे शिक्षेस पात्र ठरतो. कायदा पुरावा मागतो; व्रत त्याच्या आधीच, भाव ऐकताक्षणी मनात उठणाऱ्या शंकेपाशी थांबायला सांगते. एवढ्या स्वस्तात हे मिळते कसे, हा प्रश्न व्यापाऱ्याला पडतोच. तो विचारायचा की गिळायचा, यातच पेढीची खरी पत ठरते.

लुटीचे चित्र घरात लावायचे असेल तर अवश्य लावावे. मात्र त्याची काच पुसताना तीत उमटणाऱ्या आपल्याच प्रतिबिंबाकडेही क्षणभर पाहावे. चित्रात नसलेल्या माणसाची जागा नेमकी तेथेच आहे.