बहात्तरपट लहान मारुत

विमानाची प्रमाणबद्ध प्रतिकृती, जिला या छंदातील मंडळी ‘स्केल मॉडेल’ म्हणतात, ती मूळ विमानाचे प्रत्येक माप एकाच भाजकाने भागून उभी राहते, आणि हा भाजक बऱ्याचदा ७२ असतो. तो ब्रिटिश फूटपट्टीतून आला आहे, कारण या प्रमाणात सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. १९३६ साली इंग्लंडमधील फ्रॉग कंपनीने ‘पेंग्विन’ या नावाने याच प्रमाणातील जुळणीचे संच विकायला काढले, १९५०च्या दशकात एअरफिक्सने प्लॅस्टिकचे स्वस्त संच देऊन तोच छंद घराघरांत नेला, आणि तेव्हापासून स्पिटफायर, मेसरश्मिट यांचे संच मुबलक मिळत आले आहेत. भारतात बनलेल्या ‘एचएफ-२४ मारुत’ या लढाऊ जेट विमानाचे संच त्या मानाने अगदी तुरळक असल्याने हे विमान करू पाहणाऱ्याला आयत्या सुट्या भागांपेक्षा स्वतःच्या मोजमापावरच अधिक विसंबावे लागते.

याबाबतीत मुंबईकराची एक सोय आहे. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात खरे मारुत उभे आहे, आणि देवनारच्या हौशी कारागिराला जवळच्या गोवंडी स्थानकाहून हार्बर मार्गाची लोकल गाडी पकडून, वाटेत गाडी बदलून तेथे जाता येते व सुटीच्या एका दिवसात विमान चहूबाजूंनी न्याहाळता येते. नाकाचा उतार, हवा आत घेणाऱ्या तोंडांतील अर्धशंकू, पंख धडाला जेथे मिळतो तेथील वळण या गोष्टी छायाचित्रापेक्षा समोर उभे राहूनच नीट कळतात. रंगाच्या बाबतीत मात्र असा भरवसा ठेवू नये, कारण उघड्यावर मांडलेली विमाने ऊनपावसात टिकावीत म्हणून पुन्हा पुन्हा रंगवली जातात. तेव्हा आकार प्रदर्शनातून आणि रंग जुन्या छायाचित्रांतून घ्यावा, हेच शहाणपणाचे.

मारुतचा आराखडा दुसऱ्या महायुद्धातील फोकवुल्फ १९० या विमानाचे कर्ते कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात तयार झाला. जेट विमान बनण्याआधी, १९५९ साली, त्याच आकाराचे एक पूर्ण मापाचे लाकडी ग्लायडर, म्हणजे इंजिनाविना तरंगणारे विमान, तयार करून ते डकोटा विमानाच्या मागे दोर बांधून आकाशात नेण्यात आले व त्याची सत्तरहून अधिक उड्डाणे झाली. म्हणजे मारुतची पहिली प्रतिकृती लाकडी, उडणारी आणि एकास एक प्रमाणातली होती, हे आजच्या प्रतिकृतिकारांना सुखावणारे आहे. प्रत्यक्ष विमानाचे पहिले उड्डाण चाचणी वैमानिक सुरंजन दास यांनी १७ जून १९६१ रोजी केले, आणि पुढे एकूण १४७ विमाने बनली, त्यांतील काही १९७१च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर लढली.

या विमानाचे दुखणे त्याच्या शेपटीकडे दिसते. ध्वनीच्या दुप्पट वेगाचा विचार करून आखलेल्या या सांगाड्याला हवे तेवढे जोरकस इंजिन कधीच मिळाले नाही, आणि ऑर्फियस ७०३ जातीच्या दोन इंजिनांवर भागवावे लागले. त्या इंजिनांना पश्चज्वलन, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूत पुन्हा इंधन जाळून जोर वाढवण्याची व्यवस्था नव्हती. ती बसवलेल्या चाचणी विमानातूनच १० जानेवारी १९७० रोजी उड्डाण करताना दास यांचा मृत्यू झाला. म्हणून कोणते मारुत आणि कोणत्या वर्षीचे, हे ठरवल्याशिवाय शेपटीकडच्या नळ्यांना हात घालू नये.

आता मापांकडे वळू. १५.८७ मीटर लांबीचे व ९ मीटर पंखविस्ताराचे हे विमान ७२ने भागले की २२ सेंटिमीटर लांब व साडेबारा सेंटिमीटर रुंद होते, पण सगळ्याच गोष्टी इतक्या सुखासुखी भागत नाहीत. नाकातील चार तोफांची ३० मिलिमीटरची भोके ०.४२ मिलिमीटरची होतात, आणि २२ गेजच्या इंजेक्शनच्या सुईचे आतले भोक जवळपास तेवढेच असल्याने सुईचे तुकडे कापून तोफा करता येतात. पत्र्यांच्या सांध्यांपुढे मात्र गणित हात टेकते : खऱ्या विमानातील एक मिलिमीटरची फट या प्रमाणात ०.०१४ मिलिमीटर व्हायला हवी, तर कोरणीने ओढलेली ०.२ मिलिमीटरची बारीक रेघही मूळ मापात चौदा मिलिमीटरची भेग ठरते. ठसठशीत रेघांनी चितारलेल्या प्रतिकृती, कितीही वाखाणल्या गेल्या तरी, या हिशेबाने खोट्याच म्हणाव्या लागतात. रेघ अस्पष्ट ठेवून तीत पातळ काळसर रंगाचा नुसता आभास सोडणे अधिक प्रामाणिक.

तीन चाकांवर उभी राहणारी ही प्रतिकृती मागच्या भाराने शेपटीवर बसते, म्हणून नाकाच्या पोकळीत शिसे भरावे लागते. ट्रॉम्बे कोळीवाड्याचा शेजार असलेल्या देवनारला जाळ्याला बांधायचे शिसे काही दुर्मीळ नाही. सांध्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, ती वाळल्यावर ओल्या पॉलिश पेपरने घासून मगच रंगाला हात घालतात. पण खाडीकाठच्या पावसाळी हवेत लॅकरचा रंग मारला की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दमट हवेतील पाणी धरते आणि रंग पांढुरका पडतो. त्यामुळे श्रावणात जुळलेले विमान पालथ्या डब्याखाली धुळीपासून झाकून ठेवावे लागते, आणि वायुदलाच्या चिन्हातील केशरी, पांढऱ्या व हिरव्या वर्तुळांवरचा शेवटचा पारदर्शक हात दसऱ्यानंतरच्या कोरड्या दुपारीच बसतो.