वाळवंटातील भूकंपांचा थवा

कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सॉल्टन सरोवराकाठी ‘बॉम्बे बीच’ नावाचे गाव आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये त्याच्याजवळ थोड्याच दिवसांत दोनशेहून अधिक लहान भूकंप झाले. आधी एक मोठा धक्का व मागोमाग छोटे, हा नेहमीचा क्रम येथे नव्हता. अशा भूकंपांना ‘थवा’ म्हणता येईल. तेथे भूकवच ताणले जात असल्याने अनेक लहान भेगा सरकतात.

इतक्या धक्क्यांनी साठलेला ताण संपत असेल, असे तुम्हांला वाटेल. पण तसे नाही! भूकंपाचे परिमाण एका अंकाने वाढले की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे ७ परिमाणाच्या एका भूकंपाची बरोबरी करण्यास ४ परिमाणाचे तीस हजारांहून अधिक धक्के लागतील! सॅन अँड्रियास हा मोठा प्रस्तरभंग जवळच असल्याने तेव्हा सावधगिरीचा इशारा दिला गेला. मोठा भूकंप आला नाही. तरी सावध राहणेच शहाणपणाचे होते.