मटिल्डाच्या पोटातली चार माणसं

सात फासे टाका. सातही फाशांवर सहा पडले, तरी बेरीज ४२. ‘गर्प्स’ या भूमिका-खेळात लष्करी रायफलीच्या एका गोळीचा जोर साधारण एवढाच. आता समोर दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश मटिल्डा-२ रणगाडा उभा करा. त्याचं पुढचं पोलाद ७८ मिलिमीटरपर्यंत जाड. या खेळात इंचभर पोलादाला संरक्षणाचे ढोबळमानाने ७० गुण मिळतात, म्हणजे मटिल्डाचे झाले सुमारे २१५! गोळीच्या बेरजेतून हे गुण वजा करायचे आणि काही उरलं तरच इजा. नशीब कितीही जोरावर असो, रायफलवाल्याच्या हाती शून्यच.

९ डिसेंबर १९४० च्या सकाळी इजिप्तमधल्या निबेइवा छावणीत इटालियन तोफचींनी हे गणित प्रत्यक्ष पाहिलं. त्यांचे गोळे आदळत होते आणि मटिल्डा पुढेच येत होते. मागोमाग चौथ्या भारतीय डिव्हिजनचं पायदळ.

आत माणसं चार: चालक पुढे एकटा, बुरुजात कमांडर, तोफची आणि गोळे भरणारा. टेबलाभोवतीच्या चार खेळाडूंना आयत्या चार भूमिका! मशीनगन ‘बेसा’ मूळच्या चेक घडणीची. ब्रिटिश रणगाड्यातली ही बंदूक जर्मन रायफलींच्याच ७.९२ मिलिमीटर मापाची काडतुसं झाडायची.

खरी गंमत मात्र मुख्य तोफेत आहे. ४० मिलिमीटरची ही ‘टू-पाउंडर’ साधारण किलोभर वजनाचा भरीव गोळा फेकायची. पोलाद भेदायला तो उत्तम, पण तो फुटत नाही. खेळात हा फरक फार झोंबतो. स्फोटक गोळा दोन यार्ड चुकला, तरी त्याच्या जोराला सहाने भागून उरेल तेवढा मार शत्रूला बसतोच. भरीव गोळा चुकला की चुकला. या तोफेसाठी स्फोटक गोळे रणगाड्यांना सहसा मिळतच नसत.

जून १९४१ मध्ये हलफाया खिंडीत जर्मनांच्या ८८ मिलिमीटरच्या तोफा जमिनीत रोवून बसल्या होत्या आणि त्यांच्यापुढे २१५ गुणांचं ते चिलखतही तोकडं पडलं. हा प्रसंग खेळायला घेतला, तर स्वतःकडे स्फोटक गोळे नसल्यामुळे खेळाडूंना आपल्या तोफखान्याची मदत मागावीच लागते. पण वायरलेस असतो गोळे भरणाऱ्याकडे! तो बोलत असेपर्यंत तोफेत गोळा कोण भरणार, हे कमांडरला ठरवावं लागतं.