वाय-फाय का लागेना?

शाळा ऑनलाइन भरत होत्या, तेव्हाची गोष्ट. दांडिया बाजारात राहणाऱ्या ताईचा फोन आला. भाचीचा वर्ग सोमवारी सकाळी आठला, आणि घरातला एकच जास्तीचा मोबाइल भावोजी कामावर नेणार. माळ्यावर नऊ वर्षांचा लॅपटॉप पडून होता. पण तो सुरू व्हायलाच दहा मिनिटं घ्यायचा. मी ऐटीत म्हटलं, “लिनक्स टाकून देतो. फुकट आणि हलकं!”

रविवारी रात्री पेन ड्राइव्ह घेऊन गेलो. तासाभरात लॅपटॉप पळू लागला. फक्त वाय-फाय गायब! भाची म्हणाली, “मामा, नेटच नाही, तर मी वर्गात बसू कशी?” बी.ई. झालेला मामा गप्प.

अडलं होतं फर्मवेअरपाशी. वाय-फायची चिप हा स्वतःच एक छोटा संगणक असतो. तिच्या आत चालणारा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. काही चिपमध्ये तो कारखान्यातच भरलेला असतो. बऱ्याच चिपना मात्र दर वेळी ऑपरेटिंग सिस्टिमनं तो पुरवावा लागतो. ड्रायव्हरचा कोड खुला असला, तरी हा प्रोग्रॅम बहुधा कंपनीच्या कुलुपात असतो. वापरता येतो, पण त्याचा मूळ कोड वाचता किंवा दुरुस्त करता येत नाही. म्हणून मुक्त सॉफ्टवेअरचं तत्त्व काटेकोर पाळणाऱ्या सिस्टिम तो सोबत देत नाहीत.

शेवटी ताईचा मोबाइल यूएसबी केबलनं जोडला, टेदरिंग सुरू केलं आणि फर्मवेअरचं पॅकेज उतरवून घेतलं. रात्री साडेअकराला वाय-फाय लागलं. सोमवारी आठला भाची वर्गात हजर!

हा पेच मोठ्यांनाही सुटलेला नाही. डेबियन प्रकल्पानं १९९७ च्या ‘सामाजिक करारा’त आपली सिस्टिम पूर्ण मुक्त ठेवण्याचं वचन दिलं होतं. पण अनेकांना माझ्यासारखीच अडचण यायची. २०२२ मध्ये सदस्यांनी मतदान केलं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच असं फर्मवेअर मिळू लागलं. तेही वेगळ्या कप्प्यात, नको असल्यास बंद ठेवता येईल असं. ट्रिस्केलसारख्या सिस्टिम मात्र आजही ते देत नाहीत.

मला दोन्ही बाजू पटतात. कंपनीनं उद्या लक्ष काढून घेतलं, तर कुलपाआडची चूक आपण कुणीच सुधारू शकत नाही. पण नेटच नसेल, तर शिकणाऱ्या मुलीला त्या स्वातंत्र्याचा काय उपयोग?

तुमच्या माळ्यावरही असा लॅपटॉप असेल, तर लिनक्स टाकण्याआधी ते पेन ड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ चालवून पाहा. वाय-फाय, आवाज, कॅमेरा तपासा. मोबाइलची केबल हाताशी ठेवा. आणि माझ्यासारखं आधीच ऐटीत बोलू नका!