स्त्रियांच्या कंबरेचें व खुब्याचें दुखणें : कारणें कशीं ओळखावीं

बैल लंगडूं लागला म्हणजे जाणता शेतकरी स्वस्थ बसत नाहीं. तो खूर उचलून पाहतो, कांटा मोडला आहे काय तें शोधतो, सांध्यावर हात ठेवून तो ऊन लागतो कीं काय हें पाहतो, आणि तेवढ्यानें उलगडा न झाल्यास गुरांच्या डॉक्टरास बोलावतो. त्याच शेतकऱ्याच्या घरीं आई, पत्नी वा सून कंबर धरून चालूं लागली तर मात्र "वात आहे" किंवा "बायकांचें दुखणें आहे" एवढें म्हणून सर्व चौकशी पुष्कळदां संपते. वास्तविक कंबरेखालच्या भागाचें दुखणें हा एक रोग नव्हे. निरनिराळ्या अनेक विकारांची ती एकच खूण आहे. कारण न शोधतां केलेला उपाय व्यर्थ जातो, व कधीं कधीं तो मूळ दुखण्याहूनहि घातक ठरतो. म्हणून कारणांचा माग कसा काढावा याचें थोडक्यांत दिग्दर्शन येथें केलें आहे.

शरीराची रचना

कंबरेखालीं हाडांचें एक मजबूत कडें असतें. मागें माकडहाडाच्या वर त्रिकास्थि, दोहों बाजूंस रुंद अशीं कटीचीं हाडें, आणि पुढें तीं हाडें एकमेकांस जेथें मिळतात तो कूर्चेचा सांधा, असें हें कडें होय. त्याच्या दोन्ही बाजूंच्या उखळ्यांत मांडीच्या हाडांचे गोल माथे बसतात. तेच खुब्याचे सांधे. कड्याच्या आंत मूत्राशय, गर्भाशय, दोन बीजकोश व आंतड्याचा शेवटचा भाग असतो. ह्यांपैकीं कोणताहि भाग बिघडला तरी रोगी स्त्री "कंबर दुखते" असेंच सांगते. म्हणून दुखण्याची जागा व वेळ ह्या दोन गोष्टी आधीं नीट विचाराव्या.

जागा व वेळ

खुब्याच्या सांध्यांतच बिघाड असेल तर दुखणें बहुधा जांघेंत जाणवतें, व तेथून मांडीच्या पुढच्या बाजूनें गुडघ्यापर्यंत उतरतें. त्यामुळें गुडघा निर्दोष असूनहि तोच दुखतो अशी तक्रार होते. अशा स्त्रीस मांडी घालून वा उकिडवें बसणें जड जातें. खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर दुखत असून त्या कुशीवर निजवत नसेल, तर सांधा बहुधा शाबूत असून तेथें चिकटणारे स्नायूंचे बंध दुखावलेले असतात. चाळिशीनंतरच्या स्त्रियांत हा प्रकार विशेष आढळतो. कुल्ल्यांत मागें एका बाजूस दुखल्यास त्रिकास्थीच्या सांध्याकडे पाहावें. कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत किंवा पावलापर्यंत कळ जाते व मुंग्या येतात, तेव्हां पाठीच्या कण्यांतून निघणारा मज्जातंतु दाबला गेल्याचा संशय घ्यावा; ह्यासच गृध्रसी किंवा सायटिका म्हणतात.

कामानें वाढणारें व विसाव्यानें कमी होणारें दुखणें बहुधा स्नायूंचें किंवा सांध्याच्या झिजेचें असतें. सकाळीं अर्धा तासाहून अधिक वेळ अंग आखडून राहतें व हालचालीनें सुटतें, तर तो दाहक सांधेविकार असूं शकेल. रात्रीं विसाव्यांतहि ठणका, संध्याकाळचा ताप व वजनांत घट असेल तर सांध्याचा क्षय किंवा हाडांतील गांठ ह्यांचा विचार तत्काळ करावा. दुखणें पाळीबरोबर येत व ओसरत असेल तर त्याचें मूळ गर्भाशयाच्या बाजूस शोधावें.

श्रम, गरोदरपण व बाळंतपण

भाताची लावणी, खुरपणी, कापसाची वेचणी, ऊंसतोडणी हीं कामें तासन्‌तास वांकून करावीं लागतात, व तीं बहुतांशीं स्त्रियांच्याच वांट्यास येतात. त्यावर घागर किंवा मूल नेहमीं एकाच कडेवर घेण्याची संवय. अशा एकांगी भारानें कंबरेचे स्नायु व सांधे थकतात.

गरोदरपणांत सांध्यांचे बंध सैल होतात, व पांचांपैकीं सुमारें एका गर्भवतीस कटीच्या कड्यांत दुखतें. एका पायावर उभें राहतांना, पायऱ्या चढतांना व अंथरुणांत कूस बदलतांना कळ येते. अशा वेळीं जड ओझें बंद करावें, वस्त्रें बसून नेसावीं, व निजतांना गुडघ्यांमध्यें उशी ठेवावी. बहुतेकींचें दुखणें बाळंतपणानंतर हळूहळू कमी होतें. परंतु बाळंतपणानंतर लौकरच जड कामास जुंपल्यास गर्भाशयाचे सैल झालेले आधार आणखी ढिले होतात. ओटीपोटांत ओढ लागणें, खालीं कांहीं उतरल्यासारखें वाटणें व शेवटीं अंग बाहेर येणें हा त्याचाच परिणाम होय.

हाडांचे विकार

ऊन व सकस अन्न यांच्या अभावीं ड जीवनसत्त्व कमी पडलें म्हणजे हाडें मऊ होतात, कटीचीं हाडें ठणकतात व चाल बदकासारखी डुलती होते. डॉ. कॅथलीन व्हॉन यांनीं काश्मिरांतील अनुभवावरून १९२८ सालीं ग्रंथ लिहून, गोषांत कोंडलेल्या स्त्रियांचीं हाडें उन्हाअभावीं मऊ होऊन प्रसूति कशी संकटाची होते, हें प्रतिपादन केलें होतें. रक्ताच्या तपासणीनें हा दोष कळतो व औषधानें तो बरा होतो.

ऋतुनिवृत्तीनंतर हाडें विरळ होत जातात. म्हातारी स्त्री न्हाणींत घसरली, उठतां येत नाहीं, एक पाय आखूड व बाहेर वळलेला दिसतो, तर खुब्याजवळचें हाड मोडलें असें धरावें. तेथें तेलानें चोळूं नये. झोळींत किंवा फळीवर घालून तिला मोठ्या दवाखान्यांत न्यावें. शस्त्रक्रिया दोन दिवसांच्या आंत झालेली बरी.

नंदुरबार, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांतील आदिवासी कुटुंबांत सिकल सेल नांवाचा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्यांत मांडीच्या हाडाच्या माथ्याचा रक्तपुरवठा तुटून तो भाग मरूं शकतो. अनोळखी वैदूकडील वेदनाशामक पुडींत स्टेरॉइड मिसळलेलें असल्यास व ती दीर्घ काळ घेतल्यास निरोगी हाडावरहि हाच प्रसंग ओढवतो.

गोठ्यांतून येणारा रोग

डेव्हिड ब्रूस यांनीं १८८७ सालीं माल्टा बेटांत एका तापाचे जंतु शोधून काढले. बर्नहार्ड बँग यांनीं १८९७ सालीं गाईंच्या सांसर्गिक गर्भपाताचे जंतु शोधले. पुढें हे दोन्ही जंतु एकाच कुळांतील ठरले. ह्या रोगास ब्रुसेलोसिस म्हणतात. गाभडलेल्या जनावराचा वार व स्राव उघड्या हातांनीं काढल्यानें, तसेंच कच्चें दूध प्याल्यानें तो माणसांस जडतो. येणारा जाणारा ताप, रात्रींचा घाम आणि त्रिकास्थीच्या सांध्याचें तीव्र दुखणें हीं त्याचीं लक्षणें. धारा काढणें व गोठा साफ करणें हीं कामें ज्या घरीं स्त्रिया करतात, तेथें गोठ्यांत गर्भपात झाल्याची हकीकत डॉक्टरास अवश्य सांगावी. कालवडींस चार ते आठ महिन्यांच्या वयांत एकदां लस टोंचून घ्यावी व दूध उकळूनच प्यावें.

आंतील अवयवांचे विकार

गर्भाशयाचें अस्तर इतरत्र रुजल्यानें पाळीच्या आधीं व पाळींत असह्य दुखणें, गर्भाशयांतील साध्या गांठी, बीजकोशाच्या गांठी, आणि जंतुसंसर्गानें येणारा ताप व दुर्गंधीयुक्त पांढरा स्राव, हीं नेहमींचीं कारणें होत. शेतावर आडोसा नाहीं म्हणून दिवसभर पाणी न पिणें व लघवी दाबून ठेवणें, ह्यानें मूत्रमार्गाचा दाह होतो व ओटीपोट दुखतें. ह्यांपैकीं पुष्कळ विकार औषधानें बरे होतात किंवा आटोक्यांत राहतात.

पिशवी काढण्याची घाई

बीड जिल्ह्यांतील ऊंसतोडणी कामगार स्त्रियांच्या २०१९ सालच्या सरकारी पाहणींत ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. म्हणजे दर सहांजणींमागें सुमारें एकीचें. तोडणीवर नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल आधींच घेतलेली असते, आणि एक खाडा झाला तरी दंड कापला जातो. पाळीचा त्रास व ओटीपोटाचें दुखणें ह्यांपायीं काम बुडूं नये म्हणून पिशवीच काढून टाकावी, असा सल्ला अशा परिस्थितींत सहज पटतो. परंतु दुखणें स्नायूंचें, कण्याचें किंवा मूत्रमार्गाचें असेल तर गर्भाशय काढून तें कसें जावें? उलट, गर्भाशयाबरोबर बीजकोशहि काढले तर ऋतुनिवृत्ति अकालीं व एकाएकीं येते, आणि हाडें लौकर विरळ होतात. बीजकोश ठेवले तरी ती कांहीं वर्षें आधीं येऊं शकते. ज्या कंबरदुखीसाठीं शस्त्रक्रिया केली तीच मग दुसऱ्या वाटेनें परत येते.

कर्करोग, न थांबणारा रक्तस्राव अशा प्रसंगीं ही शस्त्रक्रिया प्राणरक्षक आहे, ह्यांत संशय नाहीं. आक्षेप आहे तो घाईस. सर्वोच्च न्यायालयानेंहि २०२३ सालीं अनावश्यक गर्भाशयशस्त्रक्रिया रोखणारीं केंद्र सरकारचीं मार्गदर्शक तत्त्वें तीन महिन्यांत स्वीकारण्याचा आदेश राज्यांस दिला.

विलंब करूं नये अशीं लक्षणें

पाळी चुकलेली असून ओटीपोटांत एकाएकीं कळ व घेरी आल्यास गर्भ गर्भाशयाबाहेर राहिल्याचा धोका असतो. तासाचाहि उशीर करूं नये. एका बाजूस अकस्मात असह्य कळ व उलट्या, दुखण्याबरोबर मोठा ताप, पायांतील शक्ति जाणें, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणें, पडल्यानंतर पाय टेकतां न येणें, आणि ऋतुनिवृत्तीनंतर पुन्हां रक्त दिसणें, ह्या प्रत्येक प्रसंगीं घरगुती उपाय सोडून दवाखाना गांठावा.

शेतकऱ्यानें काय करावें

दुखणें कोठें आहे, केव्हांपासून, कशानें वाढतें, पाळीशीं त्याचा संबंध आहे काय, बाळंतपणें किती व कशीं झालीं, गोठ्यांत गर्भपात झाला होता काय, ह्या प्रश्नांचीं उत्तरें त्या स्त्रीलाच विचारून एका कागदावर लिहावीं व डॉक्टरापुढें ठेवावीं. शक्य तर तपासणी स्त्रीडॉक्टराकडे करावी, म्हणजे संकोचानें कांहीं लपविलें जाणार नाहीं. पिशवी काढण्याचा सल्ला मिळाल्यास, प्रसंग तातडीचा नसेल तर, दुसऱ्या तज्ज्ञाचें मत सरकारी रुग्णालयांत घ्यावें. बीजकोश ठेवणार कीं काढणार हें आधीं स्पष्ट विचारावें, आणि शेवटचा होकार त्या स्त्रीचाच असावा.

ज्यांच्या फडांत किंवा शेतांत मजूर स्त्रिया काम करतात त्यांनीं पिण्याचें पाणी व शौचास आडोसा ह्यांची सोय करावी, आणि गर्भवती व नुकत्या बाळंत झालेल्या स्त्रीच्या डोक्यावर उंसाची मोळी चढूं देऊं नये. आजारीपणाच्या खाड्याचा दंड बंद व्हावा ह्यासाठीं बागाइतदारांनीं मुकादमाशीं तोडणी सुरू होण्यापूर्वींच बोलून ठेवावें. हंगाम सुरू झाल्यावर तो विषय मागें पडतो.