शून्य तोफांचा राजा

इंग्रजी अमलात राजाची इभ्रत तोफांत मोजत. सम्राटाला १०१ बार, व्हाइसरॉयला ३१, आणि त्याखाली संस्थानिकांची उतरंड. हैदराबाद, बडोदा, ग्वाल्हेर, म्हैसूर, काश्मीर या पाचांनाच २१. कोल्हापूरला १९, सांगलीला ९. संस्थानं ५६५ च्या घरात, आणि सलामीचा मान जेमतेम सव्वाशे जणांना. बाकीचे सव्वाचारशेच्या वर राजे दिल्लीत उतरले काय आणि परतले काय, दारूची एक चिमूट जळत नसे. औंधचे पंतप्रतिनिधी या मागच्या रांगेतले. तोफा शून्य.

तोफा जमिनीकडे बघून मिळत होत्या म्हणावं, तर सुरतेजवळचं सचिन संस्थान ४९ चौरस मैलांचं, आणि त्याला ९ तोफा. औंध ५०१ चौरस मैल, म्हणजे सचिनच्या दहापट. मोजपट्ट्या वेगळ्याच होत्या, आणि त्यांतली एक मोठी: कंपनी सरकारशी कोणी कधी, कोणत्या अटींवर तह केला ती.

या हिशेबाची गंमत युरोपकडे बघितलं की वाढते. आज तिथे राज्य करणारे दोन राजे घेऊ. लिश्टेनस्टाइनचा प्रिन्स १६० चौरस किलोमीटरचा धनी, मोनॅकोचा प्रिन्स जेमतेम दोनाचा. दोघांची जमीन एकत्र केली तर १६२. औंध १,२९८, म्हणजे दोघांच्या बेरजेच्या आठपट. १९४१ च्या खानेसुमारीत औंधची माणसं ८८,७६२ भरली. आजही त्या दोन देशांची मिळून तेवढी होत नाहीत. औंधची गावं ७२, म्हणजे गावामागे सरासरी १८ चौरस किलोमीटर शिवार. आटपाडीकडच्या एखाद्या धनगरवाड्याची मेंढरं सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत ज्या माळावर फिरायची, त्यात मोनॅको आठ-नऊ वेळा मावला असता. मोनॅकोत एका चौरस किलोमीटरवर १८ हजारांहून जास्त माणसं राहतात, औंधात ६८ राहत. पाऊस वीस इंचांच्या आसपास, तोही आला तर. याहून जास्त माणसं त्या माळाने पोसली नसती. शिवाय हे राज्य सलग नव्हतं. औंध आजच्या खटाव तालुक्यात, आटपाडी माणगंगेच्या काठाने खाली, कुंडल कृष्णेकडे आणि गुणदाळ थेट विजापूरकडे. मध्ये सगळीकडे खालसा मुलूख किंवा दुसऱ्याचं संस्थान. राजाला आपल्याच राज्यात जायला परक्या हद्दीतून जावं लागे.

या पिटुकल्या युरोपीय राजांचा थाट मात्र ढालीवर बघावा. लिश्टेनस्टाइनच्या राजचिन्हात सहा भाग आहेत: सायलेशियाचा गरुड, क्यूनरिंग घराण्याचे पट्टे, माणसाचं डोकं असलेला काळा पक्षी, ट्रोपाऊचे लाल-पांढरे रंग, येगर्नडॉर्फचं सोनेरी शिंग, आणि मध्यभागी घराण्याचा स्वतःचा सोनेरी-लाल बिल्ला. गंमत अशी, की आज ज्या जमिनीवर ते राज्य करतात तिची खूण या सहांत कुठेच नाही. ती जमीन त्यांनी १६९९ आणि १७१२ मध्ये चक्क विकत घेतली, १७१९ मध्ये तिला घराण्याचं नाव मिळालं, आणि राजा तिथे कायमचा राहायला गेला १९३८ साली. मधली २१९ वर्षं मुक्काम मुख्यतः व्हिएन्नात. मोनॅकोच्या ढालीला तलवारी उपसलेले दोन साधू धरून उभे आहेत, कारण १२९७ साली ग्रिमाल्डी साधूच्या वेषात किल्ल्यात शिरला म्हणतात.

हाच ढालींचा कारखाना इंग्रजांनी हिंदुस्थानातही काढला. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारासाठी रॉबर्ट टेलर नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने नव्वदच्या आसपास राजचिन्हं रचली. ती रेशमी निशाणांवर भरतकामाने काढली आणि पितळी दांड्यांवर चढवली. एकेक निशाण इतकं जड झालं, की ते पेलायला दोन धिप्पाड हायलँडर शिपाई लागत. आपल्याकडे शिक्का-कट्यार आणि जरीपटका असताना हा भार कशासाठी, असा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनात आलाच नसेल असं मला वाटत नाही.

औंधच्या घराण्याला मानासाठी अशा निशाणाची गरजही नव्हती. राजाराम महाराजांच्या जिंजीच्या धामधुमीत प्रतिनिधिपद निघालं आणि ते अष्टप्रधानांच्या वर बसलं. प्रतिनिधीला वर्षाला १५ हजार होन, पेशव्याला १३ हजार. पुढे पेशवे कुठल्या कुठे गेले आणि प्रतिनिधी औंधाच्या माळावर उरले, तो इतिहास वेगळा.

त्या माळावर १९०९ मध्ये गादीवर आले भवानराव ऊर्फ बाळासाहेब, जन्म १८६८. पदवीधर, चित्रकार, कीर्तनकार. आधी काही वर्षं युजेन सँडोच्या पद्धतीने शरीर कमावलं; १९०८ च्या सुमारास मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून सूर्यनमस्कारांकडे वळले. त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून निघालं, तोवर ३० वर्षं झाली होती: जवळपास ११ हजार सकाळी. रोजचे शंभर धरले तरी ११ लाख नमस्कार होतात. संस्थानातल्या शाळांतही नमस्कार सक्तीचे, तेव्हा सबंध औंधाची बेरीज करायला कोणी बसलं नसावं हेच बरं. 'बनगरवाडी'त व्यंकटेश माडगूळकरांनी तालमीच्या उद्‌घाटनाला राजा आणला आहे, तो याच मातीतला.

आकड्यांत बघायचं तर या राजाचे दोन व्यवहार मला थक्क करतात. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कुंडलजवळची ३२ एकर पडीक जमीन आणि १० हजार रुपये बिनव्याजी दिले. ३२ एकर म्हणजे संस्थानाचा जवळपास दहा हजारावा हिस्सा. त्यावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि इथले लोखंडी नांगर देशभर गेले. दुसरा व्यवहार महाभारताचा. पुण्याच्या भांडारकर संस्थेने त्याची चिकित्सक आवृत्ती काढावी म्हणून त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. परंपरेने लाख श्लोकांचा मानलेला ग्रंथ, म्हणजे श्लोकाला रुपया. १९१९ मध्ये काम सुरू झालं, १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली, १९ खंड झाले, आणि ते पुरं झालं १९६६ साली. बाळासाहेब १९५१ मध्येच गेले होते.

या सगळ्यापेक्षा अजब सही त्यांनी २१ जानेवारी १९३९ रोजी केली. गांधीजींचा सल्ला, पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन आणि राजपुत्र आप्पासाहेब पंत यांची खटपट, यांतून राज्यघटना तयार झाली आणि राजाने कारभार प्रजेकडे दिला. पाया गावपंचायतीचा. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं, भिंती नसलेला तुरुंग, ग. दि. माडगूळकरांच्या लेखणीतून पुढे 'दो आँखें बारह हाथ'मध्ये तो पडद्यावर आला. ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं.

देशात राजांना तनखे ठरले. म्हैसूरला वर्षाला २६ लाख, सौराष्ट्रातल्या कटोदियाला १९२ रुपये, महिन्याला सोळा. १९७१ मध्ये तेही संपले. युरोपातले ते दोघे टिकले. लिश्टेनस्टाइन १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांत गेला, मोनॅको १९९३ मध्ये. २००३ मध्ये लिश्टेनस्टाइनच्या प्रजेने राजाचे अधिकार वाढवणारी घटनादुरुस्ती मतदानाने मान्य केली. त्यातच देशाच्या ११ गावांना राज्यातून फुटून निघण्याचा हक्कही मिळाला. तो आजवर एकाही गावाने वापरलेला नाही.